चेरी क्रीम पाय: आईच्या वहीतल्या एका पदार्थाची उलटतपासणी

आईची पाककृतींची एक जुनी वही आमच्याकडे आहे. पहिल्या पानावर १९७८ साल घातलेलं आहे. पुठ्ठ्याची पाठ केव्हाच गेली, पानं सुतळीने बांधलेली. आत लोणची, सांडगे, चवथीच्या नेवऱ्यांचं प्रमाण, मिरगाच्या आधी भरून ठेवायच्या सामानाची यादी. आणि मध्येच, आंबोशीचं लोणचं आणि तवसळी यांच्यामध्ये, सुवाच्य अक्षरात: 'चेरी क्रीम पाय'.

लहानपणी हे शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'चेरीला पाय असतात का?' असं मी विचारल्याचं आई अजून सांगते. बाकी पुष्कळ गोष्टी तिच्या स्मरणातून निसटल्या आहेत, पण ही राहिली आहे. गेल्या वर्षी एकदा दुपारी ती अचानक म्हणाली, "तो पांढरा थंडगार पाय परत एकदा खाल्ला असता." त्या वाक्यामुळे हे टिपण लिहिलं गेलं.

मंडळाच्या वाचकांना माझी लेखनपद्धत ठाऊक आहे. मी मेकॅनिकल इंजिनियर. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा हातात एकदम वेळच वेळ आला आणि मी जुन्या कागदांकडे वळलो. इतिहासाचं शिक्षण नाही. पण यंत्र उघडून कुठला भाग कशासाठी बसवलाय हे पाहायची सवय आहे, तीच इथे वापरतो. पाय हा पदार्थही तसाच उघडून पाहू.

पाय म्हणजे काय? पिठाचं कवच आणि आत सारण. ही कल्पना फार जुनी आहे. रोमन लेखक काटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात 'प्लासेंटा' नावाच्या पदार्थाची कृती आहे: पिठाच्या पातळ पोळ्यांमध्ये चीज आणि मध यांचे थर, आणि सगळं एकत्र भाजलेलं. इंग्रजीत 'पाय' हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. मॅगपाय नावाचा पक्षी नाना वस्तू घरट्यात गोळा करतो, त्यावरून नाना जिन्नस आत कोंबलेल्या पदार्थाला पाय म्हणू लागले असावेत, असं काही भाषातज्ज्ञ मानतात. खरंखोटं असो, वर्णन चपखल आहे.

त्या काळच्या इंग्लंडात पायच्या कवचाला 'कॉफिन' म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ शवपेटी, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोपली. मांसाचा पाय करायचा तर जाड, घट्ट पिठाची एक पेटीच उभारायची, आत मांस भरायचं, वर झाकण लावून कडा मिटवायच्या आणि भट्टीत सरकवायचं. म्हणजे कवच हे आधी भांडं होतं. धातूचं भांडं महाग, पीठ त्या मानाने स्वस्त. भाजून झाल्यावर झाकणाच्या भोकातून वितळलेली चरबी किंवा लोणी आत ओतत. ते गोठलं की आतल्या मांसाला हवा लागत नसे. लोणच्यावर आपण तेलाचा थर ठेवतो त्यामागचं तत्त्व हेच. हे जाड कवच नंतर फेकून देत, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मला ते फारसं पटत नाही. गहू पिकवून, दळून, मळून केलेली वस्तू मध्ययुगातला माणूस उकिरड्यावर टाकेल? मालकाने नाही खाल्ली तर दारातल्या कोणी तरी खाल्ली असणार.

पुढे कवच पातळ झालं, त्यात लोणी शिरलं आणि भांड्याचंच खाद्य झालं. हा बदल समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. नेवरी किंवा करंजी करणाऱ्या कोणाही बाईला विचारा. पिठात कडकडीत मोहन का घालतात? गव्हाच्या पिठात पाणी पडलं की चिवट जाळं तयार होतं, पोळी ताणली जाते ती त्यामुळे. पण पिठाच्या कणांना आधी तुपाने माखलं तर पाणी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, जाळं तुटक राहतं आणि कवच चिवट न होता खुसखुशीत होतं. पायच्या कवचात थंड लोणी पिठात चोळतात तेही याचसाठी. साट्याच्या करंज्यांमध्ये तर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावून, वळकटी करून, कापून परत लाटतात. तळताना थर सुटतात. युरोपातली पदराची पेस्ट्री आणि आपला साटा यांच्यात तत्त्वाचा फरक नाही. आणि कड? पायची कड चिमटून नागमोडी करतात, आपण मुरड घालतो. मुरड ही शोभेची गोष्ट आहे असं मला पूर्वी वाटायचं. ती खरी तर सांध्याची शिवण आहे. साध्या चिकटवलेल्या कडेपेक्षा दुमडत नेलेली कड आतल्या वाफेचा दाब जास्त सोसते. बॉयलरचा पत्रा जोडणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग आमच्याकडे नेवरी झाली, पाय का झाला नाही?

याचं उत्तर मला भट्टीत सापडलं. मोठा पाय आतपर्यंत शिजायला सगळीकडून सावकाश उष्णता हवी, म्हणजे बंद भट्टी हवी. मातीदगडाची भट्टी तापवायला इतकं सरपण लागतं की एका घरासाठी ते परवडत नाही. युरोपात गावाची सामाईक भट्टी असे, किंवा बेकरवाला असे. आपल्याकडे घरोघर चूल आणि कढई. कढईतलं तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास, उष्णता झटपट, पण फक्त वरून आत शिरणारी. आणि जाडी दुप्पट झाली की उष्णतेला मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. तोवर बाहेरचं कवच करपून जाणार. म्हणून तळायचा पदार्थ लहान आणि चपटा असावा लागतो. नेवरीचा अर्धचंद्र त्या कढईने घडवलेला आहे. समोशाचंही तसंच. इब्न बतुता चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या दरबारी होता, त्याने तिथल्या 'समुसक'चं वर्णन केलंय: खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला. मध्य आशिया आणि इराणकडून आलेली ही पेटी आपल्याकडे कढईत स्थिरावली.

भाजणं आपल्याला अगदीच परकं होतं असं मात्र नाही. तवसाचं धोंडस करताना पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवतात. ही छोटी भट्टीच. पण त्यात कवच नाही, सारण नाही.

भट्टी गोव्यात आली ती पोर्तुगीजांबरोबर. 'पाव' हा शब्द त्यांचा, 'पोदेर' हाही त्यांचाच. त्याबरोबर 'एंपादा' आला, म्हणजे पावाच्या पिठात बंद केलेलं सारण. पोर्तुगीज भाषेतलं पहिलं छापील पाकपुस्तक दोमिंगुश रॉद्रिगिश यांचं, १६८० साली लिस्बनला निघालं. एंपादा तेव्हाच त्यांच्या स्वयंपाकघरात मुरलेला होता. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या 'एंपादिन्या' म्हणजे त्याच्या मसालेदार छोट्या बहिणी. आणि 'आपा द कामारांव' हा तर इथल्या मातीतला पाय: तांदूळ आणि नारळ वाटून, माडाच्या सुरेने आंबवून केलेलं कवच, आत सुंगटांचं बलशांव. गव्हाच्या जागी तांदूळ आला, लोण्याच्या जागी नारळ आणि खमिराच्या जागी सूर. साचा परका, माल सगळा इथला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण हे सगळं तिसवाडी, बार्देस, साष्टीकडचं, जुन्या काबिजादीतलं. तिथे पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले. आमचा डिचोली महाल त्यांच्याकडे गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. नव्या काबिजादीत चालीरीतींना हात लावायचा नाही असं धोरण होतं. वाळवंटी नदीच्या या काठाला, विठ्ठलापूरच्या विठोबाच्या सावलीत वाढलेल्या आमच्या घरात एंपादा कधीच शिरला नाही. माझी आजी पावाला शिवत नसे. 'पावान बाटतात' ही तिची ठाम समजूत होती. मी पोदेराकडून पाव आणला की तो ओटीवरच खायचा, आत न्यायचा नाही.

अशा घराच्या वहीत पाय आला कुठून? तो पोर्तुगालहून आला नाही. तो आला अमेरिकेहून, खाणीच्या वाटेने.

खाणीवरच्या एका साहेबांचं कुटुंब दोनेक वर्षं तिस्काजवळ भाड्याने राहत होतं. त्या बाईंना आई वहिनी म्हणायची. त्यांचा भाऊ बोटीवर होता. त्याने आणलेल्या कुठल्याशा मासिकातलं कात्रण वहिनींकडे होतं, ते आईने मराठीत उतरवून घेतलं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वहिनींकडे फ्रिज होता. कारण हा पाय भट्टीत जातच नाही.

इथे पायच्या इतिहासातला शेवटचा मोठा पालट दिसतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर असे 'न भाजायचे' पाय घरोघर झाले. त्यामागे तीन वस्तू. पहिली डबा. १८१० साली फ्रान्सच्या निकोला आपेअरने हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची पद्धत छापून जाहीर केली आणि त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. पुढे अमेरिकेतली आंबट चेरी डब्यात बसून वर्षभर मिळू लागली. दुसरी वस्तू आटवलेलं गोड दूध. गेल बोर्डेनला त्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १८५६ साली मिळालं. त्यात लिंबू पिळून भरायचे पाय त्याच्या कंपनीच्या पुस्तिकांनी १९३०च्या दशकात लोकांना शिकवले. तिसरी वस्तू फ्रिज.

आणि कवच? त्याचं तर काही उरलंच नाही. ग्रॅहम बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ताटलीत दाबला की झालं कवच. यातला विनोद असा की सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) हे सात्त्विक आहाराचे कडवे प्रचारक पाद्री. कोंड्यासकट गव्हाचं पीठ खा, मसाले आणि चमचमीत पदार्थ सोडा, असा त्यांचा उपदेश. त्यांच्या नावाच्या बिस्किटाचा चुरा लोणी-साखरेत मळलेला त्यांनी पाहिला असता तर काय म्हटलं असतं!

जे कवच एकेकाळी भांडं होतं, ते आता उभं राहण्यासाठी भांड्यावर अवलंबून. आमच्या वहीत त्यासाठी 'जर्मनची ताटली, कड उभी' असं लिहिलंय. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे नव्या वाचकांसाठी सांगितलं. ग्रॅहमच्या जागी आईने लिहिलंय 'मारी'. हे बिस्किट १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने रशियाची राजकन्या मारिया आणि ब्रिटिश राजपुत्र यांच्या लग्नानिमित्त काढलं. पोर्तुगालमध्ये ते इतकं रुजलं की मारी बिस्किटांचा भुगा, क्रीम आणि आटवलेलं दूध यांचे थर लावून केलेला 'सेराडुरा' त्यांचा लाडका गोड पदार्थ झाला. नावाचा अर्थ लाकडाचा भुसा. गोव्यातल्या हॉटेलांत आज तो सर्रास मिळतो. आमच्या पायचा हा सख्खा चुलतभाऊ, फक्त ताटलीऐवजी पेल्यात बसलेला.

आता मुख्य संशयिताकडे, चेरीकडे येतो.

वहीत आधी 'चेरी १ डबा' असं होतं, ते खोडून आईने लिहिलंय 'म्हापशाची, पाव किलो'. १९७८ साली आयात मालावर कडक बंधनं होती, परदेशी डबा मिळणं दुरापास्त. आई सांगते, "चेरी खंय मेळटा हांगा? शुक्रवारा म्हापशां गेल्ल्यान हाडिल्ली." सुट्टी, लालभडक, पाकात मुरलेली. सोंटूने मोजून प्लास्टिकच्या पिशवीत. मला ती आठवते. तीच चेरी वाढदिवसाच्या केकवर, फालुद्यावर आणि पानाच्या विड्यावर.

गोव्यात चेरी पिकत नाही. त्या झाडाला फळ धरायला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते, म्हणून आपल्या देशात ती काश्मीर आणि हिमाचलाकडची. तिचा हंगाम लहान आणि फळ नाजूक. मग सत्तरच्या दशकात बारमाही, स्वस्त, पोत्यांनी विकली जाणारी चेरी म्हापशाच्या बाजारात कशी?

मी शंभर ग्रॅम विकत घेतली आणि ब्लेडने उभी कापली. चेरीत एकच गोल टणक बी असते. ती काढली की मध्ये एकच गोल पोकळी राहायला हवी. इथे फळाला चीर दिलेली होती आणि आत चपट्या छोट्या बियांचे खाचे होते, एकात तर बीही राहून गेली होती. ती बी मी ओळखली. डिचोली-पेडण्याकडचा कोणीही ओळखेल. नंतर दुसऱ्या दुकानातून पाकीटबंद चेरी आणली आणि मागचे घटक वाचले: करवंद, साखर, रंग.

आमच्याकडची कांटां, मंडळी.

आपल्या बेकऱ्यांमध्ये चेरी म्हणून जी मिळते ती बहुतेक करवंदाची असते, जशी टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते. कृती अशी. करवंदं पूर्ण पिकण्याआधी, अजून टणक असताना तोडतात. चीर देऊन बिया काढतात. खारवून ठेवतात, त्याने चीक आणि तुरटपणा जातो. गंधकाच्या क्षाराने मूळ रंग उतरवतात. कॅल्शियमच्या क्षाराने फळ घट्ट करतात. मग रंग देऊन दिवसागणिक दाट होत जाणाऱ्या पाकात मुरवतात. ही कल्पना अमेरिकेतली: ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगँड यांनी १९२०च्या दशकात खऱ्या चेरीवर हे प्रयोग केले. पण कॅल्शियमची युक्ती आपल्याला नवी नाही. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात ना, तेच हे. फळातलं पेक्टिन आणि कॅल्शियम एकमेकांना धरतात आणि फोड पाकात उकळूनही मोडत नाही. करवंदात पेक्टिन भरपूर, म्हणून ते या कामाला फार चांगलं.

रंगाबद्दलही सांगतो, कारण त्याने माझं एक कोडं सोडवलं. आईच्या आठवणीतला पाय पांढराशुभ्र आहे, वर लाल ठिपके. लाल रंग क्रीममध्ये उतरला कसा नाही? या चेरीत वापरतात तो एरिथ्रोसिन. तो आम्लात विरघळत नाही, फळात बसला की बसला. लिंबाचं आंबट क्रीम त्याला हलवू शकत नाही. म्हणजे आई बरोबर सांगत होती.

लहानपणी आम्ही सड्यावर कांटां खायला जायचो. चैत्र-वैशाखात, पायांत चप्पल नाही, काट्यांनी सदरे फाटलेले. करवंद फोडून आत लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी. खोल्यात भरून आणायची आणि घरी येईपर्यंत अर्धी संपायची. ओठांना चीक चिकटलेला. आणि त्याच फळाला वाढदिवसाच्या दिवशी, लाल कपडे घालून पाहुणी आली म्हणून, आम्ही वाटून वाटून एकेक खात होतो. सड्यावर फुकट मिळणारी वस्तू आई म्हापशाहून पैसे देऊन आणत होती. आपा द कामारांवबद्दलचं ते वाक्य आठवा.

म्हणून ठरवलं की पाय करायचा तर सड्यावरच्या कांटांचाच.

पहिला प्रयत्न फसला आणि चूक माझी होती. वहीत क्रीमसाठी आटवलेलं दूध एक डबा, घट्ट चक्का पाव किलो (मूळ कृतीत क्रीम चीज असणार, इथे आईने चक्का केला), व्हॅनिला एक चमचा, आणि 'लिंबं २'. सगळं फेटलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी सुरी घातली तर क्रीम वाहू लागलं. मी फ्रिजचं तापमान मोजलं. चार अंश, व्यवस्थित. चक्का परत टांगला. दुसऱ्या वेळी फरक पडला, पण नावापुरता.

दूध घट्ट होतं ते आम्लाने. दुधाचा सामू साडेसहाच्या आसपास असतो, तो ४.६ च्या जवळ उतरला की त्यातलं केसीन एकमेकांना धरतं. साध्या दुधात त्याने दूध फाटतं. आटवलेल्या दुधात जवळजवळ निम्मी साखर, पाणी कमी, त्यामुळे ते गाठी न होता एकसंध दाटतं. पण आम्ल पुरेसं हवं. अमेरिकेतलं लिंबू म्हणजे पिवळं, मोठं, त्यातून ४० ते ४५ मिलिलिटर रस निघतो. आपल्या कागदी लिंबातून पंधरा, फार तर वीस. दोन अमेरिकन लिंबं म्हणजे आपली पाच! हा हिशेब मांडून मी मोठ्या ऐटीत वही उघडली, तर 'लिंबं २' च्या शेजारी पेन्सिलीने पुसट '५' लिहिलेला होता. मी तो इतके दिवस डाग समजत होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आईने सामू न मोजता हे शोधून काढलं होतं. जुन्या मोडी कागदांच्या समासात काय लिहिलंय ते वाचा, असं मी मंडळात नव्या मुलांना नेहमी सांगतो.

तर ज्यांना करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी, बावीस सेंटिमीटरच्या ताटलीचं प्रमाण देतो.

मारी बिस्किटं दोनशे ग्रॅम, बारीक चुरा करून. त्यात शंभर ग्रॅम वितळलेलं लोणी आणि दोन चमचे साखर. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ताटलीत तळाला आणि कडेला वाटीच्या बुडाने दाबून बसवा. हे दाबणं मनापासून करा, सैल राहिलं तर कापताना ढासळतं. तासभर फ्रिजमध्ये.

आटवलेल्या दुधाचा एक डबा (चारशे ग्रॅम) आणि पाव किलो चक्का एकत्र फेटा. चक्का रात्रभर टांगलेला आणि चाळणीतून पुरणासारखा घासून काढलेला असावा. ८० मिलिलिटर लिंबाचा रस थोडा थोडा घाला. घालता घालता रवीला जडपणा जाणवेल, तेव्हा समजा काम झालं. व्हॅनिला घालून कवचात ओता. चार तास हात लावू नका.

करवंदं चारशे ग्रॅम, लाल झालेली पण काळी न पडलेली. हाताला खोबरेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. चीर देऊन बिया काढा. हे कंटाळवाणं काम आहे, घरातल्या सगळ्यांना बसवा. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून दोनदा धुवा. मग दोनशे ग्रॅम साखर आणि दीड वाटी पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवा. एक चमचा कॉर्नफ्लॉर थंड पाण्यात कालवून लावा, जास्त नको, फळ स्वतःच आळतं. पूर्ण गार झाल्यावर पायवर पसरा. गरम घातलंत तर क्रीम खाली पाण्यासारखं होईल.

या घरच्या करवंदांचा रंग मात्र उतरतो. नैसर्गिक रंगाला आम्लाची अडचण नाही. क्रीमच्या वरच्या बोटभर थरात गुलाबी ओघळ येतात. मला ते दिसायला आवडलं.

चारशे ग्रॅम करवंदं गोळा करायला यंदा तीन सकाळी लागल्या. सड्याच्या ज्या अंगाला आम्ही जायचो तिथे आता कुंपण आहे आणि झुडपं मुळासकट काढून टाकलेली आहेत. लाल माती उघडी पडलीय. उरलेल्या बाजूला थोडी जाळी आहे, तिथे दोन बायका टोपलीत कांटां काढत होत्या. त्यांच्याकडून अर्धी घेतली. काय करणार म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चेरी. त्या हसल्या.

वैशाखातल्या एका संध्याकाळी पाय कापला. आईच्या बशीत एक तुकडा ठेवला. तिने आधी चमच्याने क्रीम खाल्लं, डोळे मिटले, मान हलवली. मग वरचं एक फळ तोंडात घेतलं आणि थांबली. जिभेवर राहून गेलेली एक बी बोटांनी काढून उजेडात धरली.

"हीं कांटां न्हय रे?" तिने विचारलं.

मी होय म्हटलं.

"मागीर म्हापशां कित्याक वचपाचें?" असं म्हणून तिने बशी परत पुढे केली.